बर्फात थंड केले

१८ जून २०११, नांदेड

ही डायरी फुकटची आहे. लातूरच्या गुरुबसप्पा सरांच्या क्लासची. मुखपृष्ठावर सरांचा कोटातला फोटो आणि प्रत्येक पानाच्या तळाशी एक सुविचार. आजचा आहे, 'जो थांबला तो संपला.' रामलिंगमामांनी परवा एसटीत बसताना ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "सिंधे, सर इचारत होते तुला. केमिस्ट्रीला माणूस पाहिजे त्यांना. किती दिवस नांदेडला नळ्या धूत बसणार हाइस?" मी म्हटलं, नळ्या मी धूत नाही मामा, खाजाचाचा धुतात. मामा हसले नाहीत.

मामांना दुखवायचं माझ्या जिवावर येतं. भूकंपात आमचं घर गेलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आई, आप्पा, धाकटा भाऊ, तिघंही गेले. मामांनी मला लातूरला नेलं, स्वतःच्या लेकरांच्या ताटातलं वाढलं, एमएस्सीपर्यंत शिकवलं. आता त्यांना एवढंच वाटतं की पोरगी मार्गी लागावी. पीएचडीला पाच वर्षं होत आली. मार्चअखेर शिष्यवृत्ती संपते. तोवर माझा रेणू उभा राहिला तर ठीक, नाहीतर लातूरला येऊन फळ्यासमोर उभी राहीन, असा शब्द मी मामांना दिलाय. म्हणजे माझ्याकडे नऊ महिने आहेत.

रेणूचं एकदा सोपं करून लिहून ठेवते, कारण घरच्या कुणालाच ते अजून सांगता आलेलं नाही. अर्धापूरच्या केळीवर एक विषाणू पडतो, पानं पिवळी पट्टेरी होतात. त्या विषाणूचं कवच म्हणजे एक पोकळ गोळा. तो कुणी बांधत नाही. कवचाचे तुकडे पाण्यात एकमेकांना धरतात आणि गोळा आपोआप तयार होतो. मी त्या कवचातला एक बारका तुकडा उचलला, चोवीस मण्यांची माळ म्हणा, आणि तिच्यात फेरफार करून अशी माळ करायला बघतेय जी एकटीच असे पोकळ गोळे बांधेल. आत रोग नाही, काही नाही. रिकामं घर. पुढं त्यात कुणी औषध भरेल. चार वर्षं नुसत्या गाठी झाल्या. दुधात लिंबू पिळल्यावर होतं तसं. मे महिन्यात मी सतरावा मणी बदलला. आता बघू.

मला हाच विषय का घ्यावा वाटला, असं माझे मार्गदर्शक शिवलिंग सर यांनी मुलाखतीत विचारलं होतं. मी विज्ञानातलं काहीतरी बोलले. खरं उत्तर असं की आप्पांनी हातभर जाडीच्या दगडी भिंती स्वतः मातीत रचल्या होत्या, आणि त्या भिंती आमच्यावर पडल्या. गवंड्याशिवाय उभं राहणारं आणि न पडणारं घर असतं, हे बीएस्सीला पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वाचनालयात रडले होते.

४ जुलै

लोडशेडिंगचं वेळापत्रक बदललं. आमच्या लॅबला आता दुपारी दोन ते साडेपाच एवढीच खात्रीची वीज. म्हणजे सगळं गरम करणं दुपारीच. माळेचं पाणी नव्वद अंशांवर तापवायचं, म्हणजे जुन्या गाठी सुटतात, आणि मग एकदम बर्फात. सरांचा बर्फावर फार जोर. परदेशातल्या एका लेखात तसंच दिलंय आणि सरांसाठी तो लेख म्हणजे वेद.

बर्फ बाहेरून येतो. खाजाचाचा सकाळी येताना इतवाऱ्यातल्या कारखान्यातून लादी गोणपाटात गुंडाळून सायकलवर आणतात आणि लाकडाच्या भुशाने भरलेल्या पेटीत पुरून ठेवतात. चाचा आमचे लॅब अटेंडंट. फेब्रुवारीत रिटायर होणार. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बावर्ची, शादीब्याहच्या देगा, म्हणजे बिर्याणीची मोठाली पातेली, उचलणारे. हेच एकटे सरकारी नोकरीत आले. तरी रविवारी कुठं ना कुठं स्वयंपाकाला जातातच. छाती भरून येते, खोकला आहे, पण ऐकत नाहीत.

माझी बस सव्वापाचला सुटते, ती चुकली की हॉस्टेलला दुसरं वाहन नाही. म्हणून प्रयोगाची वही मी निघायच्या आधीच पुरी करते. 'नव्वद अंश, तीस मिनिटे. बर्फात थंड केले, रात्रभर.' मग चाचांना सांगते की वीज गेली की बाथ, म्हणजे ट्यूब तापवायचं पाण्याचं भांडं, बंद करा आणि ट्यूब बर्फात ठेवा. शाळेपासून आमचं हेच. प्रयोगाच्या आधी जर्नल पूर्ण, नाहीतर प्रॅक्टिकलला बसू देत नसत. सवय लागली.

१९ जुलै

आज चाचांवर चिडले. सकाळी ट्यूब स्टँडमध्ये लावलेल्या, पुसून, ओळीनं. पाणी गढूळ नाही! चार वर्षांत पहिल्यांदा गाठी नाहीत. मी ट्यूब उजेडात धरून बघतेय आणि चाचा मागून म्हणाले, "ताई, एक बात सांगू का? काल तो बर्फ..."

मी म्हटलं, "चाचा, आता नको. मला हैदराबादला नमुने पाठवायचेत, कुरिअर अकराला जातं."

"बरं बरं. झाकून ठेवलं की चीज आपोआप बनते, ताई. घाई न्हाई करायची."

"चाचा, ही बिर्याणी नाही हो!" मी म्हटलं. ते हसले आणि बाटल्या धुवायला गेले. नंतर वाटलं, जरा जास्तच तोडून बोलले. पण मी आहेच तशी. आमची आई म्हणायची, हिच्या नाकावर माशी बसत नाही.

२३ ऑगस्ट

गोळे! गोळे! गोळे!

हैदराबादहून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीची छायाचित्रं आली. राखाडी पडद्यावर गोल गोल, कडेला गडद, मध्ये फिकट, म्हणजे पोकळ. सगळे एका मापाचे, तीस नॅनोमीटर. सरांनी तीन वेळा चष्मा पुसला. सतराव्या मण्याची करामत, म्हणाले, सिंधु, तू बाजी मारलीस. मी पेढे आणले. चाचांना संगणकावर दाखवले तर त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "हे तुमच्या पाण्यात हायत? माशाल्ला. उलीशा देगाच की ह्या." मग पेढा खिशात ठेवला, खातूनबीसाठी. बायकोला दिल्याशिवाय ते काही खात नाहीत.

मामांना फोन केला. "मंजे पास झालीस का?" म्हणाले. मी म्हटलं, अजून दोन-तीनदा तसंच करून दाखवावं लागतं, मग पास. मामा म्हणाले, "एकदा आलं की आलंच की. पुन्हा पुन्हा काय?"

३० सप्टेंबर

आज भूकंपाला अठरा वर्षं झाली. लॅबला गेले नाही. दरवर्षी या दिवशी मला छताखाली बसवत नाही, हॉस्टेलच्या अंगणात कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसते. मुलींना सांगितलंय की डोकं दुखतं.

लोकांना वाटतं मला ते पडणं आठवत असेल. ते फार आठवत नाही. आठवतं ते नंतरचं. पाऊस लागून राहिला होता, आम्हाला ताडपत्रीखाली ठेवलं होतं. मी बोलत नव्हते, खात नव्हते. तिसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी माझ्यापुढं खिचडीची पत्रावळ ठेवली. ती गरम होती. सगळीकडं चिखल, कुठं चूल पेटलेली नव्हती, लाकडं भिजलेली, धुराचा मागमूस नाही, आणि खिचडी गरम. मी आधी खाल्ली नाही. दोन्ही हात तिच्यात घालून बसले, कारण हात गारठले होते. एक माणूस म्हणाला, "बसू द्या लेकराला, तशीच बसू द्या." मग मी खाल्ली. चूल न पेटता खिचडी गरम कशी राहिली, हा मला आयुष्यात पडलेला पहिला रसायनशास्त्राचा प्रश्न. तो मी कुणाला विचारला नाही.

आप्पांचा चेहरा आता फोटोवाचून आठवत नाही. याचं फार वाईट वाटतं.

१५ ऑक्टोबर

आणखी चार वेळा केलं, चारही वेळा गोळे. सरांनी शोधनिबंध छापायला पाठवला. जानेवारीत पुण्याचे एक मोठे प्राध्यापक येणार, त्यांच्यासमोर करून दाखवायचं, मग माझा प्रबंध पुढं सरकणार. सरांना अनुदानही मिळालं. लॅबला जनरेटर येतोय आणि बर्फ करायचं मशीन. विजेचे हे दळभद्री दिवस गेले एकदाचे! चाचांना म्हटलं, आता सायकलवरून लादी आणायचा त्रास संपला. ते म्हणाले, "मशीनचा बर्फ बारो महिने ऱ्हातो का ताई?" मी म्हटलं, चोवीस तास. मग पेटीतला भुसा हातानं सारखा करत बसले. काम कमी झालं की माणसाला आपण नकोसे झालो असं वाटतं, त्यातला प्रकार असावा.

५ डिसेंबर

मशीन आलं, जनरेटर आला. पहिला प्रयोग मी स्वतः, सकाळी, सगळं माझ्या हातानं. बर्फ कसा पांढरा भुसभुशीत! दुपारी बघते तर पाणी गढूळ. गाठी.

माळ जुनी झाली असेल. नवीन करायला घेते.

२२ डिसेंबर

नवीन माळ, ताजं पाणी, धुतलेल्या ट्यूब. गाठी. तीनदा केलं. तीनदा गाठी.

सर आज म्हणाले, "सिंधु, ते फोटो हैदराबादचेच होते ना? म्हणजे आपल्याच नमुन्याचे?" पाच वर्षं या माणसाच्या हाताखाली काम केलंय. मी म्हटलं, "सर, मी लबाडी केली असं म्हणायचंय का?" ते म्हणाले, तसं नाही. पण तसंच होतं.

२९ डिसेंबर

सापडलं! जुने नमुने फ्रीजमधून काढले आणि नीट बघितले तर एका ट्यूबच्या झाकणाला लाकडाच्या भुशाचे दोन कण चिकटलेले. म्हणजे ट्यूब कुठंतरी घाणीत ठेवल्या होत्या. म्हणजे ते गोळे कशाचे होते कुणास ठाऊक! भुशातल्या बुरशीचे असतील, चिकाचे असतील. माझं डोकंच फिरलं. तशीच सरांच्या खोलीत गेले. सरांनी चाचांना बोलावलं.

मी विचारलं, "चाचा, मी गेल्यावर तुम्ही ट्यूब बर्फात ठेवत होतात का?"

चाचा म्हणाले, "ताई, तेव्हा बर्फ दोपारलाच..."

"गोष्ट नको," सर म्हणाले. "बर्फ आणायचं काम कुणाचं होतं? तुमचं. ट्यूब बर्फात ठेवल्या का नाही? हो की नाही, तेवढं बोला. रिटायर व्हायला दोन महिने राहिलेत तुमचे."

चाचांनी माझ्याकडं बघितलं. मी पण म्हटलं, "हो की नाही, चाचा."

"हाव," ते म्हणाले. "ठेवल्या."

मग भुसा कसा लागला, म्हटलं तर ते टोपी नीट करत उभे राहिले. मी लेखी तक्रार दिली. नमुने निष्काळजीपणे हाताळले, असं. सरांनीच सांगितलं तसं लिहायला, पण सही माझी आहे. खोटं कशाला बोलू, लिहिताना हलकं वाटलं. कुणाची तरी चूक निघाली की बरं वाटतं.

२ जानेवारी २०१२

चाचांना उत्तरपत्रिकांच्या गोदामात टाकलं. तिथं गठ्ठे उचलायचं काम आणि धूळ फार. जाताना ते माझ्या टेबलाजवळ आले. "ताई, बाटल्या धुऊन पालथ्या घातल्यात," एवढंच बोलले. त्यांची ती बर्फाची पेटी व्हरांड्यात पडली आहे, कुणी नेली नाही. मी आज तिच्यावर बसून डबा खाल्ला. बसायला चांगली आहे, थंडीत ऊब लागते.

१९ जानेवारी

पुण्याचे प्राध्यापक आले. शांत माणूस. माझ्या शेजारी उभं राहून सगळं पाहिलं. नव्वद अंश, तीस मिनिटं, बर्फ. ट्यूब वर काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत पाणी पांढरं झालं. ते म्हणाले, "होतं कधी कधी असं," आणि चहा घेतला. त्यांनी रागावायला हवं होतं. बाथरूममध्ये जाऊन मी नळ सोडून रडले.

सर म्हणाले, मार्चपर्यंत पुन्हा जमलं तर ठीक, नाहीतर पीएचडीचं नाव मागं घे. शोधनिबंध तर त्यांनी हे बघायच्या आधी, कालच मागं घेतला होता.

४ फेब्रुवारी

खाजाचाचा गेले. काल. गोदामातून घरी गेले, दम लागला, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. त्यांचा मुलगा कलीम ऑटो चालवतो, तो आज लॅबमध्ये त्यांचा डबा आणि टोपी न्यायला आला होता. मी त्याला म्हटलं, फार वाईट झालं. तो म्हणाला, "अब्बा तुमचं नाव घ्यायचे, ताई." त्याला तक्रारीचं माहीत आहे का, हे मला कळलं नाही.

मातीला गेले नाही. कोणत्या तोंडानं जाणार?

२४ फेब्रुवारी

शेवटची खेप. गाठी.

मामांना फोन केला. म्हटलं, गुरुबसप्पा सरांना सांगा, येते. मामा एवढे खूश झाले की त्यांना बोलता येईना. मलाच त्यांना धीर द्यावा लागला.

७ मार्च, लातूर

एका हॉलमध्ये चारशे पोरं. मागच्या रांगेसाठी टीव्ही लावलाय. हातात माईक. गुरुबसप्पा सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, 'का' शिकवू नका. एका प्रश्नाला चाळीस सेकंद. उत्तर कोणतं ते सांगा, पुढं चला." मला ते छान जमतं. घाई करायला मला कुणी शिकवावं लागत नाही. डायरीतले सुविचार इथं भिंतीवर पण आहेत.

मामी रोज गरम भाकरी वाढतात. घरी सगळे आनंदात आहेत. मी पण हसते.

१४ मार्च, नांदेड

सकाळच्या एसटीनं आले. नाव मागं घ्यायच्या अर्जावर सही करायची होती, आणि परवा कलीमचा फोन आला होता. "ताई, अब्बांचा चाळीसवा हाय. अम्मीनं बोलावलंय, याच म्हणाली." चाळीस दिवसांनी मयताच्या नावानं जेवण घालतात. आधी इतवाऱ्यात, चाचांच्या घरी गेले.

जे झालं ते क्रमानं लिहिते, घाई करत नाही.

बारका बोळ, दोन खोल्या, मागं अंगण. खातूनबी चाचींनी माझा हात धरला आणि बाजेवर बसवलं. मी म्हटलं, "चाची, मी चाचांची तक्रार केली होती." त्या म्हणाल्या, "मालूम हाय मला. आधी जेव. तुझ्यासाठी सादी खिचडी केली, येगळ्या भांड्यात. ते सांगायचे, ताई आपल्यातलं मटणबिटण खात न्हाई."

कलीम अंगणात गेला. तिथं एक मोठी लाकडी पेटी, वर गोणपाट. त्यानं गोणपाट काढलं, हातानं भुसा बाजूला केला आणि आतून झाकणबंद पातेलं वर काढलं. झाकण उघडलं तर वाफ. दुपारचा एक वाजला होता.

मी विचारलं, "आत्ता केली?"

"न्हाई गं," चाची म्हणाल्या. "सकाळी फजरच्या नमाजाआधी. एक उकळी आणायची, झाकण कणकेनं बंद करायचं आन भुशात पुरायचं. आत हळूहळू शिजत ऱ्हाते. सांजपर्यंत गार व्हत न्हाई. हे ह्यांच्या घराण्याचं काम. चूल कमी, पाहुणे जास्त, मंग काय करतील?"

माझ्या हातात पत्रावळ होती. मी तिच्याकडं बघत होते.

"किल्लारीला बी असंच केलं त्यांनी," चाची बोलत होत्या. "भूकंपाच्या टायमाला. नांदेडहून देगा घेऊन गेले, सव्वा महिना तिथंच. पावसानं लाकूड भिजलं, पहाटे चूल पेटायची न्हाई. मंग सांजच्याला शिजवून भुशात पुरायचे, मंजे सकाळी लेकरांच्या हातात गरम पडायचं. एक पोरगी म्हणे खिचडीत हात घालून बसली होती. लोक रागवायलते, ह्यांनी बसू दिलं. लई वर्सं तिची बात काढायचे."

मी दोन्ही हात खिचडीत घातले. चाची घाबरल्या. मी म्हटलं, "चाची, ती पोरगी मीच." त्या माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांच्या घरी मयत झालेलं आणि समजूत माझी काढत होत्या.

बऱ्याच वेळानं मी विचारलं, "चाची, माझ्या ट्यूब पण त्यांनी..."

"हाव की. पयल्या दिशी बर्फाच्या कारखान्याची बी लाइट गेलती. आणलेला सारा दोपारलाच इतळला. आता ताईच्या नळ्या कशात ठेवू? गरमच व्हत्या, तर त्यांना वाटलं, एकदम गार हवा लागून तडकतील. गरम पाण्याच्या भांड्यासकट भुशात पुरल्या. दुसऱ्या दिशी तू खूश झालीस म्हणे. मंग तसंच ठेवत गेले. तुला सांगायचं लई व्हतं त्यांच्या मनात. मी म्हनलं, सांगून टाका की. तर म्हनायचे, ताई घाईत असते."

१५ मार्च

अर्जावर सही केली नाही. फ्रीजमध्ये माळेची चिमूटभर भुकटी उरली होती. नव्वद अंश, तीस मिनिटं, आणि व्हरांड्यातल्या पेटीत, भांड्यासकट, गोणपाट घालून. सोबत तापमापक पुरला. सकाळपासून पेटीजवळच बसून आहे. पहिल्या तासात सहा अंश उतरले. दुसऱ्या तासात पाच. चार वर्षं मी त्या बिचाऱ्या माळांना बर्फात ढकलत होते, एकमेकींना नीट धरायला त्यांना वेळच दिला नव्हता. सतरावा मणी बदलून काही झालं की नाही देव जाणे. संध्याकाळी सहाला बेचाळीस अंश. पाणी निवळ आहे.

३० मार्च

हैदराबादहून चित्रं आली. गोळे. पोकळ, एका मापाचे. कुणी पेढे आणले नाहीत.

सर म्हणाले, सहा महिन्यांची मुदतवाढ मागू. मग म्हणाले, "पद्धतीत लिही, उष्णतारोधक पेटीत सावकाश थंड केले. माणसाचं नाव घालायची रीत नाही." मी म्हटलं, "रीत नसेल सर, पण घालणार. आणि माझी तक्रार मी लेखी मागं घेतेय. तुम्ही पण सही करा." सरांनी कागद दोनदा वाचला. मग केली. त्या कागदाचा आता चाचांना काय उपयोग, हे आम्हाला दोघांनाही माहीत होतं.

मामांना फोन केला, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्या देगा मी बघितल्यात, सिंधे. तुला न्यायला आलो तव्हा तू तिथंच बसली व्हतीस, त्या बावर्चीजवळ. त्यानंच तुला माझ्या खांद्यावर दिलं." आणि मग म्हणाले, "गुरुबसप्पा सरांना मी सांगतो काय ते. तू पुरं कर."

३१ मार्च

आज प्रयोगाची वही दुरुस्त केली. १८ जुलैपासून नोव्हेंबरपर्यंत, अकरा ठिकाणी 'बर्फात थंड केले, रात्रभर' असं माझ्या अक्षरात आहे. अकराही वेळा मी ते घडायच्या आधी लिहून बस पकडायला गेले होते. अकराही ठिकाणी एक रेघ मारली, शेजारी लिहिलं, 'खाजामियाँ यांनी भुशात पुरून सावकाश थंड केले,' खाली सही आणि आजची तारीख.

वहीत रकाने ठरलेले असतात. वजन, तापमान, वेळ, निष्कर्ष. १९ जुलैला ते सांगायला आले होते, २९ डिसेंबरलाही सांगत होते, आणि दोन्ही वेळा मी त्यांना पुरं बोलू दिलं नाही, हे लिहायला त्यात जागा नाही. म्हणून ते इथं लिहिते आहे.